सरासरी कान

माझ्या नवऱ्याला कानाचं वेड आहे आणि मला कानाचा पगार मिळतो. आमच्या लग्नाबद्दल कुणी काही विचारलं की मी एवढंच सांगायचे आणि लोक हसायचे. मी श्रवणयंत्रांच्या दवाखान्यात काम करते. यंत्र कानात नीट बसावं म्हणून पेशंटच्या कानाचा साचा घ्यावा लागतो, ते माझं काम. दोन रंगांच्या पेस्ट एकत्र मळायच्या, पिचकारीत भरायच्या, कानात आधी दोरा बांधलेला स्पंजचा बोळा सरकवायचा आणि मग पिचकारी दाबायची. पेस्ट घट्ट होईपर्यंत पेशंटनं जबडा हलवायचा नाही. मग तो गोळा हलकेच फिरवून बाहेर काढायचा. इतकी वर्षं हेच करतेय, पण दोन माणसांचे साचे सारखे निघालेले मी कधी पाहिले नव्हते. एकाच माणसाचा डावा-उजवासुद्धा सारखा नसतो.

नवरा दिवसभर इमारतींचे नकाशे काढतो आणि घरी आला की हेडफोन लावून बसतो, नाहीतर वायरींबद्दल बोलून माझं डोकं खातो. त्याच्यासारखेच आणखी काही जण त्यानं गोळा केले होते. त्यात एक दंतवैद्य होते, एक बँकेच्या मॅनेजरबाई, एक बसचा ड्रायव्हर आणि असेच चार-पाच. मी त्या सगळ्यांना कानसेन म्हणायचे. रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये ही मंडळी जमायची आणि एकच गाणं वेगवेगळ्या हेडफोनवर ऐकून तावातावानं भांडायची. मी चहा करून द्यायचे आणि आत जाऊन निवांत झोपायचे.

एका रविवारी नवऱ्यानं टूम काढली की आपण सगळ्यांनी मिळून वर्गणी काढायची आणि एका कारखानदाराकडून खास आपल्यासाठी हेडफोन बनवून घ्यायचा. कारखानदार ओळखीचा होता, छोट्या प्रमाणावर काम करायचा आणि नग थोडे असले तरी तयार होता. पैशावरून कुणी हूं की चूं केलं नाही. भांडण पेटलं ते आवाजावरून. दंतवैद्यांना खालचे सूर भरदार हवे होते, मॅनेजरबाईंना वरचे सूर लख्ख हवे होते आणि ड्रायव्हरला गाणारा माणूस अगदी समोर उभा असल्यासारखा वाटायला हवा होता. महिनाभर नुसती खडाजंगी चालली. वायरीच्या रंगावरूनसुद्धा दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. आता हे मंडळ फुटणार असं मला वाटायला लागलं. खरं सांगायचं तर रविवारची झोप जाईल याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

तोडगा नवऱ्यानंच काढला. असले कारखानदार हेडफोनचा आवाज जुळवताना माणसाऐवजी एक पुतळ्याचं डोकं वापरतात. त्या डोक्याला रबरी कान असतात आणि कानांच्या आत माइक. नवरा म्हणाला, "बाजारातले कान कशाला लावायचे? आपल्या सगळ्यांचे साचे घेऊ. त्यांची सरासरी काढू. त्या सरासरीचा कान बनवून डोक्याला लावू आणि त्या कानाला जो आवाज बरोबर वाटेल तो फायनल. मग कुणी कुरकुर करायची नाही."

"अरे, पण सरासरी कान कुणाचाच नसतो," मी म्हटलं.

"म्हणूनच तर तो सगळ्यांचा," तो म्हणाला आणि कानसेनांनी टाळ्या वाजवल्या.

साचे अर्थातच मी घेतले. पुढच्या रविवारी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर एकेकाला बसवलं. दंतवैद्यांचे कान मोठे, पाळ्या लोंबत्या. मॅनेजरबाईंची कानाची नळी इतकी वळणाची की बोळा सरकवताना मला दोनदा थांबावं लागलं. शेवटी नवरा बसला. त्याच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक खाच आहे. लहानपणी सायकलवरून पडला तेव्हाची. लग्नाच्या पहिल्या दिवसांत सिनेमा बघताना मी अंधारात त्या खाचेवरून बोट फिरवत बसायचे आणि त्याला गुदगुल्या व्हायच्या. साचा निघाला तेव्हा ती खाच त्यात अगदी स्वच्छ उमटली होती.

सगळे साचे एका खोक्यात भरून नवरा कारखान्यात देऊन आला.

हेडफोन आले तेव्हा मी घरीच होते. काळे, जड, कानावर चपखल बसणारे. प्रत्येकाला एकेक. सगळे हॉलमध्ये बसले आणि सगळ्यांनी एकाच वेळी एकच गाणं लावलं. मी दारात उभी राहून बघत होते. आता पहिली कुरकूर कोण करतो याचीच मला उत्सुकता होती. गाणं संपलं तरी कुणी हेडफोन काढला नाही. दंतवैद्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते म्हणाले, "बरोबर आहे."

"बरोबर आहे," मॅनेजरबाई म्हणाल्या.

त्यानंतर एकेक करून सगळे तेवढंच म्हणाले. त्या दुपारी कुणीच भांडलं नाही, चहा न पिता उठले आणि शांतपणे घरी गेले. बरं झालं, एकदाचे शहाणे झाले, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो हसला नाही.

पुढचे काही दिवस मला काही जाणवलं नाही. जाणवलं ते एका साध्याच गोष्टीवरून. मी स्वयंपाकघरातून त्याला हाक मारली तर तो खिडकीकडे बघायचा. बेडरूममधून मारली तरी खिडकीकडेच. बाहेरून आले, दारात उभी राहून "अरे, पिशवी घे" म्हटलं, तर हा सोफ्यावरून उठून खिडकीपाशी जाऊन उभा. मी आधी चेष्टा केली. मग दवाखान्यातल्या डॉक्टरांना सहज विचारल्यासारखं विचारलं. आवाज कुठल्या बाजूनं येतोय हे कळायला कानाच्या बाहेरच्या वळ्या लागतात, कानाला इजा झाली तर माणसाचा असा गोंधळ होतो, असं ते म्हणाले. ते मलाही माहीत होतं. पण नवऱ्याच्या कानाला इजा कुठे झाली होती?

"तू त्या खिडकीत काय बघतोस?" मी त्याला विचारलं.

"बघत नाही," तो म्हणाला. "तू तिकडून बोलतेस ना."

"मी इथं आहे. तुझ्यासमोर."

त्यानं माझ्या ओठांकडे बघितलं. मग मान हलवली, समोरच्याचं मन राखायला हलवतात तशी.

मी हेडफोन कपाटात लपवून ठेवला. दोन दिवस त्यानं शोधलासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी मीच न राहवून विचारलं, तुला हेडफोन नकोय का? तो म्हणाला, "आता लागत नाही." आणि तसाच खुर्चीत बसून राहिला, मान जराशी तिरकी करून. घरात पंख्याखेरीज कसलाच आवाज नव्हता.

"काय ऐकतोयस?"

"खोली आहे," तो म्हणाला. "बंद खोली. कुणीतरी लोखंडी कपाट उघडतंय." मग म्हणाला, "बिजागरीला तेल पाहिजे."

आमच्या घरात लोखंडी कपाट नाही.

त्याच आठवड्यात दंतवैद्य दवाखान्यात आले. ड्रिलच्या आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून मी त्यांना पूर्वी कानाच्या मापाचे बोळे करून दिले होते. ते आता बसत नाहीत, पडतात, अशी त्यांची तक्रार होती. मी म्हटलं, बसा, नवीन साचा घेऊ. बोळा सरकवताना मी त्यांच्या कानाकडे नीट बघितलं. पाळ्या पूर्वीसारख्या लोंबत्या नव्हत्या. वयानं पाळ्या वाढतात हे मला ठाऊक होतं. कमी झालेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

मॅनेजरबाई शुक्रवारी आल्या. त्यांचीही तीच तक्रार, फोनसाठी कानात घालायचं बोंड बसत नाही. त्यांच्या वळणाच्या नळीत बोळा या वेळी सरळ आत गेला. त्या शांत बसल्या होत्या, मान जराशी तिरकी करून. "घरी सगळं ठीक?" मी विचारलं. त्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, "ठीक."

त्या गेल्यावर मी दोघांच्या डाव्या कानाचे साचे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग उचलून दिव्याखाली धरले. मग जागा बदलून ठेवले आणि त्यानंतर कुठला कुणाचा ते मला सांगता येईना. माझ्या हातचं काम, आणि मला सांगता येईना.

मी त्यातला एक साचा पर्समध्ये टाकून घरी आणला. नवरा खुर्चीत बसला होता. मी तो साचा त्याच्या डाव्या कानात बसवला. कान आणि साचा एकमेकांचे असले की शेवटी हवा बाहेर पडून एक बारीक आवाज होतो. तसा आवाज झाला. साचा चपखल बसला.

मी तो काढला आणि कानाच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. कड जवळजवळ गुळगुळीत होती.

"अरे, तुझी खाच कुठे गेली?" मी विचारलं.

"कसली खाच?"

"सायकलवरून पडलास तेव्हाची."

त्यानं थोडा वेळ आठवून बघितलं. "एक जण पडला होता खरा," तो म्हणाला. "ड्रायव्हर असेल."

त्या रात्री मी हुंदके आवरत पडून राहिले आणि तो माझ्या शेजारी छताकडे तोंड करून स्वस्थ झोपला होता. इतकी वर्षं बडबड्या माणसाला कंटाळलेली मी, आता त्यानं एकदा तरी नेहमीसारखं वायरींबद्दल डोकं खावं म्हणून तळमळत होते. मला माझा नवरा परत हवा होता, बस. बाकीच्यांचं काय ते त्यांच्या घरच्यांनी बघावं.

सकाळी मी रजा टाकली आणि कारखान्यात गेले. तो आमच्या खिडकीच्याच दिशेला होता.

कारखाना म्हणजे एका मोठ्या शेडचा मागचा भाग होता. आत सोल्डरिंगचा वास, लांबच लांब टेबलं, त्यावर उघडे पडलेले स्पीकर आणि रंगीत वायरींचे भेंडोळे. कारखानदार चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, गप्पिष्ट माणूस. मी कोण ते सांगितल्यावर त्याचा चेहरा फुलला. "वहिनी, तुमचे साचे म्हणजे एक नंबर! असं काम बघायला मिळत नाही."

"तुम्ही स्वतः ऐकलात तो हेडफोन?" मी विचारलं.

"मी कशाला? माझ्या कानाला बसत नाही तो. मी आलेख बघतो. आलेख बरोबर आला की झालं."

मी म्हटलं, मला ते डोकं बघायचंय. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो मला एका जाड दाराच्या खोलीत घेऊन गेला. भिंतींना आणि छताला करड्या स्पंजचे सुळके लावलेले होते. दार लागलं आणि माझ्या कानांवर दाब आला. आवाज नावाची गोष्टच नव्हती तिथं. मला माझा स्वतःचा श्वास ऐकू येत होता आणि तो फार जवळून येत होता.

मधोमध एका तीन पायांच्या स्टँडवर डोकं होतं. करडं, टक्कल पडलेलं, डोळ्यांच्या जागी नुसते उंचवटे. कान मात्र मांसाच्या रंगाचे. मी जवळ जाऊन बघितलं. पाळ्या थोड्याशा लोंबत्या. आणि डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक खळगा, इतका उथळ की माहीत नसेल तर दिसणारही नाही. मी बोट लावलं. ती खाच होती, पण सगळ्यांत वाटली गेल्यावर जेवढी उरेल तेवढी.

"हे अजून चालू आहे का?" मी विचारलं.

"छे! माइक कधीच काढलेत, दुसऱ्या कामाला लागले ते. आत काही नाही, पोकळ आहे." असं म्हणत त्यानं कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं आणि मला एक प्लास्टिकची डबी दाखवली. "हे बघा, इथं आहेत."

बिजागरी करकरली. मी कपाटाकडे बघत उभी राहिले.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार ढकलून त्याला फोन आल्याचं सांगितलं. "दोन मिनिटं हं वहिनी," म्हणून तो गेला. दार लागलं.

मी डोक्यासमोर उभी होते. हे मूर्खपणाचं आहे हे मला कळत होतं. दवाखान्यात असं कुणी केलं असतं तर मी दात काढून हसले असते. पण घरी त्याच्या तोंडासमोर उभं राहून बोललेलं त्याला कळत नव्हतं, आणि या खोलीतल्या कपाटाची करकर त्याला कळत होती.

मी वाकले. डाव्या कानाशी तोंड नेलं.

"अरे," मी म्हटलं, "मी आहे. ऐकतोयस ना? मला फार भीती वाटतेय. घरी ये. पुरे झालं आता, घरी ये ना रे."

रबराला माझ्या श्वासाची वाफ धरली.

पर्समधला फोन वाजला. नवऱ्याचं नाव होतं. मी फोन कानाला लावला.

"आलो," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात ओलावा होता. "लगेच आलो."

मी भिंतीला टेकून रडले. कारखानदार परत आला तेव्हा मी डोळे पुसत होते. त्यानं घाबरून पाणी आणलं. मी त्याला म्हटलं, काही नाही हो, सगळं छान आहे. हे डोकं मात्र मला जाताना द्या. त्याला ते नकोच होतं. त्यानं जुन्या कपड्यात गुंडाळून दिलं आणि मी ते मांडीवर घेऊन रिक्षात बसले. रस्ताभर मी कुणाशी बोलले नाही आणि कुणाला त्या डोक्याशी बोलू दिलं नाही.

जिना चढताना मला आमचं दार उघडं दिसलं.

दाराबाहेर चपला होत्या. बऱ्याच होत्या.

आत सगळे आलेले होते. दंतवैद्य पांढऱ्या कोटातच होते, कामावरून तडक आल्यासारखे. ड्रायव्हरनं गणवेशाचा शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता, हक्कानं, घरी आलेला माणूस टाकतो तसा. मी आत आले आणि सगळ्यांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. खिडकीकडे नाही, माझ्याकडे.

"किती वेळ लावलास," दंतवैद्य मला म्हणाले. ते मला नेहमी अहो-जाहो करायचे.

"घाबरली होतीस ना?" ड्रायव्हर म्हणाला. "आता कशाला घाबरतेस? आलो ना मी."

त्यानं माझ्या हातातलं गाठोडं घेतलं आणि टेबलावर ठेवलं. माझे हात आपोआप सुटले.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. मी दारापर्यंत गेले. मॅनेजरबाई ओट्यापाशी चहा करत होत्या. गाळणी अडकवायचा भिंतीतला खिळा निघाल्यापासून आम्ही ती साखरेच्या डब्यामागे उभी करून ठेवतो. ते फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. बाईंनी न बघता डब्यामागे हात घातला आणि गाळणी काढली.

"साखर अर्धा चमचाच घालते," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तुझा डॉक्टर ओरडतो ना."

मी हॉलमध्ये परत आले. नवरा कुठे आहे ते मला आधी दिसलंच नव्हतं.

तो दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. अगदी कडेला, गुडघे जुळवून, सगळ्यांत वाटल्या गेलेल्या त्या खाचेसारखा. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यानं वर बघितलं, तो लगबगीनं उठून उभा राहिला आणि ओळख नसलेल्या बाईकडे बघून हसतात तसं हसला.

"माफ करा हं," तो म्हणाला. "तुमच्याकडे हात कुठे धुतात?"